पोचल्याचा फोन

लवूला गाडी लागते. ज्या माणसाने अख्खा जन्म मासेमारीच्या होडीवर काढला, भर तुफानात उभ्या उभ्या जेवला, त्याला एस.टी.त बसवलं की राजापूर यायच्या आत डोकं खिडकीबाहेर. मी पडलो एस.टी.चा ड्रायव्हर. आयुष्य राजापूर आगारात गेलं. हा अपमान मी फार मनाला लावून घेतला होता.

"अरे, माझ्या गाडीत म्हातारी माणसं दांडी न धरता पान लावतात," मी त्याला ऐकवायचो.

"तुझी गाडी बरी आसा रे दत्तू," लवू म्हणायचा. "जमीनच हलता."



आमची ओळख वस्तीच्या गाडीतली. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळची शेवटची फेरी. ती गावातच मुक्कामाला राहते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टरने डब्यातली गार भाकरी खायची आणि सीटवर आडवं व्हायचं. नाट्याला, लवूच्या गावी, माझी वस्ती लागली त्या पहिल्याच आठवड्यात लवू गाडीपाशी आला, माझ्या डब्यात डोकावला आणि म्हणाला, "घरात बांगड्याचं तिखलं शिजतासा आणि तुमी ह्या काय खातास?" मला दंडाला धरून घरी नेलं. त्याची बायको गंगा हिने ताट वाढताना मी कोण, कुठला, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून मी नाट्याची वस्ती मागून घ्यायला लागलो. आगारात सगळे म्हणायचे, दत्तारामला वेड लागलंय. लागू दे. त्या घरात मी जितकं जेवलो तितकं स्वतःच्या घरी जेवलो नसेन, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो, लवूचे मानत नाही. लवूचे मानले तर तो शिव्या घालतो.

मी निवृत्त झालो, लवूने होडी मुलांच्या हाती दिली. आणि गेल्या थंडीत एक दिवस हा बाबा जेटीवर बसल्या बसल्या म्हणाला, "दत्तू, मी काय म्हणतंय, मुरूडाक जावया. दापोलीच्या."

"कशाला?"

"त्या बाईचे आभार मानायचे रवलेत."

कुठली बाई, ते मला ठाऊक होतं. लवूच्या ओळखीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. लवू तेव्हा मिसरूड फुटलेला खलाशी, मामाच्या होडीवर. वादळ आलं, इंजीन बंद पडलं, ताडपत्रीचं शीड केलं तरी होडी वाहत वाहत पार मुरूडच्या अलीकडे गेली. सकाळची वेळ, पण पावसाने सगळं धूसर. डोलकाठी डोक्यात पडेल या भीतीने लवूने भाताचा टोप डोक्यावर पालथा घातलेला. (या टोपावरून मी त्याला आजवर किती छळलंय, त्याची गणती नाही.) मामाला पुढे वाळू दिसली, म्हणून त्याने सुकाणू किनाऱ्याकडे वळवलं. तेवढ्यात एका खडकावर एक बाई चढली. अंगावर पोलकं आणि परकर, हातात लाल लुगडं. ते ती बावट्यासारखं फिरवत होती. इकडे येऊ नका, येऊ नका! मामाने सुकाणू मारलं. होडी वळली तेव्हा पाण्याखालच्या कातळाचे काळे दात बाजूलाच दिसले. त्याच शिडावर ते हर्णै बंदरात पोचले आणि सगळे वाचले. तिथे कोणी काही विचारलंही नाही. त्या दिवशी बंदरात प्रत्येकाचीच तीच कथा होती.

"आज जाऊ, उद्या जाऊ करता करता मामा गेलो," लवू म्हणाला. "आता ती पण म्हातारी झाली आसतली. ती गेली तर मी कोणाक सांगू?"

दरवर्षी नारळी पौर्णिमेला लवू दर्याला एक नारळ जास्तीचा देतो, तो त्या बाईच्या नावाचा. नाव माहीत नाही, तरी तिच्या नावाचा.

मी म्हटलं जाऊ. पण एस.टी. नको, मोटारसायकलवर मागे बसवलं तरी त्याला भोवळ येते. राहिली सायकल. लवू रोज सायकलनेच जेटीवर जातो. काळी, भक्कम, दांडीवाली. माझ्याकडे सायकल कुठली! नात मनस्वीची गियरवाली घेतली. जांभळ्या रंगाची, वर फुलपाखरं. एवढी वर्षं लाल डबा हाकला आणि म्हातारपणी हे नशिबी.

प्रवासाचा आराखडा लवूने वाळूत काटकीने काढला. नाट्यापासून मुरूडपर्यंत एकच सरळ रेघ. "सकाळी निघालो की दुपारी रत्नागिरी, सांजेक जयगड. दुसऱ्या दिवशी मुरूड."

"आणि खाड्या?"

"खाडी मदी खंय येता? आमी तोंडावरसून जातो."

"अरे माझ्या बाबा, तू होडीत नाहीस! रस्ता खाडी आली की आत शिरतो, पूल शोधतो, घाटी चढतो, घाटी उतरतो." माझं डोकंच फिरलं. त्याला समजेना. त्याच्या डोक्यात सगळा मुलूख समुद्राकडून भरलेला, आणि समुद्रावर घाट्या नसतात.

निघायच्या सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे कुठल्याही कामाला निघताना देवाला गाऱ्हाणं घालतात. आप्पा गावचे जुने मानकरी, आवाज अजून खणखणीत.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे.

"ही तुझी दोन लेकरां आज सायकलीवरसून मुरूडाक निघाली हत. ज्या कामाक जातत ता काम पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दत्तारामाचे गुडगे तुका म्हायती आसत. त्यांकाय बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने गंगा ओरडली.

लवूच्या पिशवीत एक नारळ, माझ्या पिशवीत गंगाने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. गंगाने परत कधी येणार, असं विचारलं नाही. दर्यावर जाणाऱ्याला त्यांच्या घरात ते कोणी विचारत नाही. परत येण्याचा दिवस दर्याच्या हातात. ती फक्त म्हणाली, "पोचलास की फोन कर."

मी पेडलवर पाय ठेवून उभा. "निघ ना," लवू म्हणाला. मी म्हटलं, डबल बेल दे. सवय आहे, काय करू! त्याने आपल्या सायकलची घंटी दोनदा वाजवली आणि आम्ही निघालो.

पहिल्याच घाटीत कळलं की देवाने गुडघ्यांचं गाऱ्हाणं ऐकलेलं नाही. माथ्यावर आलो की लवू समोरचं टोक दाखवायचा. "ता बघ, हात लागात." तो हात लागायला दुपार कलायची. पावस गावाच्या अलीकडे मी रस्त्याकडेला बसकण मारली आणि त्याला, त्याच्या मामाला, फुलपाखरांना सगळ्यांना उद्धारलं. समोरच्या घरातली बाई कोकम सरबत घेऊन आली. कुठून आलात, कुठे चाललात काही नाही. "आदी प्या," म्हणाली.

असंच होत गेलं सगळीकडे. जयगडला कोणी ओटीवर झोपायला जागा दिली, तवसाळला फेरीबोटीतून उतरल्यावर कोणी पंक्चर काढून दिलं आणि चहा पाजला. या रस्त्यांवरून मी गाडी हाकली, पण वेळेच्या मागे धावत. थांब्यावर थांबायचो ते माणसं उतरवायला, माणसं बघायला नाही. आंब्याला मोहोर एवढा येतो आणि त्याचा वास असा रस्त्यावर पसरून राहतो, हे मला या वयात कळलं. लवूचं उलटं. प्रत्येक गावात शिरताना तो लहान मुलासारखा हरखायचा. "हा गाव मी भायरसून बघितलेला हा! आत असा आसा काय!"

मुरूडच्या अलीकडच्या वाडीत पोचलो आणि सगळा आनंद ओसरला. किनाऱ्यावर कातळच कातळ. लवूची खूण अशी: दोन डोंगरांच्या खिंडीत देवळाचा कळस आला, की त्याच्या बरोबर खाली तो खडक. इथे जमिनीवर ना खिंड दिसत होती ना कळस. माडांच्या झावळ्यांनी सगळं झाकलेलं. दारोदार विचारलं. वादळात लाल लुगडं फिरवणारी बाई? माणसं चांगली, पाणी द्यायची, पण माना हलवायची. अशी गोष्ट वाडीत कधी कोणी ऐकलेली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच.

लवू वाळूत बसला. "चल दत्तू. परत जाऊया. तिचा नशीब नाय, माझा पण नाय."

मला जो राग आला! "मेल्या, इतके चढ चढवलेस मला, ते काय इथे बसून रडायला? बदली होऊन नव्या आगारात गेलो की मलाही रस्ता उमजायचा नाही. मग मी ज्या बाजूने आधी आलो होतो त्याच बाजूने परत यायचो. तू तो खडक जमिनीवरून बघितला होतास काय? ऊठ!"

दादू नावाच्या एका तरुण मच्छीमाराने त्याची छोटी होडी काढली. मीही चढलो, आणि लाटांतून बाहेर पडायच्या आत माझं डोकं काठाबाहेर. आतडी तोंडात यायची बाकी होती. लवू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "दादूची होडी बरी आसा रे दत्तू. पाणीच हलता."

बऱ्याच वर्षांचं येणं वसूल केलं लेकाने.

मग तो एकदम उभा राहिला. किनारा मागे सरला होता, दोन डोंगर बाजूला झाले होते आणि मधल्या खिंडीत कळस आला होता. "थांबय!" लवू ओरडला. "तो बघ. तोच. दत्तू, तोच रे!"

दादूने त्या खडकाकडे बघितलं. "तिकडं आता कोण जात नाय. वरती धोंडूबाईचा घर हाय. तिचा घोव त्याच वादळात गेला. होडीसकट. फळीसुद्धा मिळाली नाय."

किनाऱ्याला लागताच लवू थेट वर निघाला.

धोंडूबाई अंगणात सुकत घातलेले कोळंबीचे सोडे उलटत होती. बारकी, ताठ, पांढऱ्या केसांची. लवूने चपला काढल्या, तिच्या पायांशी नारळ ठेवला आणि मुरूडपर्यंतच्या रस्त्यात घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. वादळ, मामा, लाल लुगडं. "आक्का, तू नसतीस तर मी नव्हतंय. माझी पोरां नव्हती, नातवंडां नव्हती."

तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ती तुझी होडी नव्हती," ती म्हणाली. "ती ह्यांची व्हती."

आम्हाला काही कळेना. ती ओटीच्या खांबाला धरून खाली बसली आणि बोलायला लागली. त्या सकाळी नवऱ्याची वाट बघत ती खडकावर गेली होती. पावसातून होडी दिसली, ताडपत्री फडफडत होती. तिला वाटलं, आले. आणि होडी नेमकी कातळावर येत होती, म्हणून तिने लुगडं सोडून फिरवलं. होडी वळली, समुद्रात गेली. नवरा परत आलाच नाही. "मी हाकलवलं त्यांना. घराकडं येत व्हते, आणि मी हाकलवलं. सासूला सांगितलं नाय, लेकीला सांगितलं नाय. कोणाला काय सांगू?"

चाळीस वर्षं! बाई चाळीस वर्षं हे एकटी गिळून बसली होती. म्हणून तर वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं.

मीच म्हटलं, "आक्का, त्या होडीत पुढे कोणी उभं होतं का? आठवतंय?"

तिने कपाळाला आठ्या घातल्या. "व्हता एक. त्याच्या डोक्यावर कायतरी चमकत व्हता. मला कधी समजलं नाय, ह्यांनी डोक्यावर काय घेतलं..."

"टोप," लवू म्हणाला. "भाताचा टोप. मी व्हतंय तो, आक्का. डोलकाठीक भियालंय म्हणान टोप घातलंय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हात पुढे करून त्याचं टक्कल पडलेलं डोकं धरलं, चाचपलं, जणू टोप अजून तिथे असेल. आणि रडायला लागली. लवूही रडला. मी ड्रायव्हर माणूस, रस्त्यावर नको ते पुष्कळ पाहिलंय, पण मलाही आवरलं नाही. तिच्या हातून कोणी मेलं नव्हतं. माणसं वाचली होती, आणि त्यातलं एक समोर बसून नाक पुसत होतं.

रडणं सरल्यावर ती लवूवर उखडली. "मेल्या, चाळीस वर्सं काय करत व्हतास? आधी आला असतास तर!"

"चुकलंय आक्का," लवू म्हणाला.

संध्याकाळी ती आमच्याबरोबर खडकावर गेली. त्या सकाळनंतर पहिल्यांदा. नारळ तिनेच पाण्यात सोडला, नवऱ्याच्या नावाने. मग आम्हाला सोड्यांची आमटी-भात वाढला. मी तीनदा भात घेतला आणि गंगाची आठवण आली.

सकाळी निघताना तिने परत कधी येणार, असं विचारलं नाही. लेकीने दिलेला मोबाइल पुढे केला, लवूचा नंबर घालून घेतला. म्हणाली, "पोचलास की फोन कर."

लवूने मान हलवली. डबल बेल दिली. आम्ही निघालो.

परतीच्या घाट्यांनी माझे गुडघे पुन्हा सोलले, ते राहू दे. नाट्याला पोचलो तेव्हा गंगा दारात उभी होती, आप्पा आले होते, मनस्वी आपली सायकल तपासायला राजापूरहून आली होती. लवूने सायकल स्टँडवर लावली नाही. तशीच दांडीला टेकून धरली, खिशातून मोबाइल काढला आणि नंबर लावला. एवढीशी घंटी वाजली असेल नसेल, पलीकडे उचलला. बाई फोन हातात घेऊनच बसली असणार.

"आक्का," लवू म्हणाला, "पोचलो."

लवूने फोन माझ्याही कानाशी आणला.

मग ती म्हणाली, "बरं झालं रे बाबा. पोचलास."