नत्थूचा काटा आणि माझा ओलावा

राईस मिलमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाजवळ किस्से कसे साठतात, ते मिलमागचा कोंड्याचा ढीग बघितला की कळतं. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण रोज थोडी भर पडतेच. माझ्या ढिगातले निम्मे किस्से तर माझ्या स्वतःच्या वजनाचे आहेत, त्यामुळे कोणाची माफी मागायची गरज नाही.

मी बिसेन, गोंदियाला फुलचूरजवळच्या एका मिलचा मॅनेजर. दोन हजार दहा-अकरा सालची गोष्ट. नागपूरला माझं ऑपरेशन झालं, ते पोट लहान करतात ना, ते. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की वजन आधी भराभर उतरेल, मग हळू होईल, मधे मधे थांबेलसुद्धा. मी फक्त 'भराभर' एवढंच ऐकलं. घरी येऊन जाहीर केलं, "संक्रांतीपर्यंत शंभराच्या खाली नाही आलो तर ऑपरेशन फेल. मग मी त्या डॉक्टरला तोंड दाखवणार नाही!"

माझी बायको सुनंदा घाबरली ती तेव्हापासून. मी असल्या शपथा खरंच पाळतो, हे तिला माहीत आहे.

*

घरातल्या काट्यावर मी उभा राहिलो की आकडे एकशे वीसपर्यंत जायचे आणि पुढं त्यांचं काही चालायचं नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी मिलच्या काट्यावर, धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, तोलतात तिथंच, उभा राहिलो. काट्यावर नत्थू. त्याला तीस वर्षांची सवय, की वजन ओरडून सांगायचं, म्हणजे बाहेर ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याला ऐकू गेलं पाहिजे. त्यानं माझंही तसंच सांगितलं. "मॅनेजर साहेब, एकशे बावन!"

फाटकाजवळ सडक अर्जुनीकडचा एक म्हातारा शेतकरी रांगेत होता. त्यानं बिडी विझवली आणि शांतपणे विचारलं, "एकाच कट्ट्यात भरला का जी?"

*

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मेव्हण्याचं लग्न निघालं. त्या घरचा मी जावई, आणि जेवणारा जावई म्हणून माझं नाव होतं. पूर्वी मी पंगतीत बसलो की वाढपी माझ्यासमोरच ठाण मांडायचा. आता डॉक्टरांनी दिलेली ताकीद अशी, की अर्धी वाटी वरण, एक घास भात, तोही मिनिटभर चावून. मी तेवढंच खाल्लं आणि उठलो.

सासऱ्यांना ऑपरेशनचं सांगितलं होतं, पण त्यांना ते हर्नियासारखं काहीतरी वाटलं होतं. जेवणारा जावई दोन घासांत उठला, म्हणजे घरात नक्की काहीतरी बिनसलं. त्यांनी आधी सुनंदाला कोपऱ्यात घेऊन झापलं. मग मी हात धूत होतो तिथं आले, आणि चारचौघांसमोर हात जोडले. "जावईबापू, पोरीचं काई चुकलं असन तं मले सांगा. पण अन्नावर राग नोका काढू."

 

*

ऑपरेशनच्या वेळी वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर रायपूरचे एक कपड्याचे व्यापारी होते. दोघांचं ऑपरेशन एकाच दिवशी. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, आणि ते माझ्यापेक्षा नेहमी दहा-बारा किलोंनी पुढं असायचे. पुढं पुढं रविवार आला की माझं डोकं दुखायचं. मी फोन उचलणं बंद केलं.

मग त्यांनी मिलच्या नंबरवर फोन लावला. तो उचलला गजभिये मॅडमनी. आमच्या ऑफिसचा सगळा कारभार त्याच बघतात, माझ्यासकट. वीस मिनिटं बोलल्या. फोन ठेवून म्हणाल्या की रायपूरवाले फार दुःखात आहेत. त्यांच्या ओळखीचा भिलाईचा एक जण त्यांच्याहून पंधरा किलो पुढं गेलाय, म्हणून ते आता रविवारी त्याचा फोन उचलत नाहीत.

"म्हणून ते तुम्हाला लावतात," मॅडम म्हणाल्या, "तुमच्याशी बोललं की त्यांना बरं वाटते."

*

आता ओलाव्याचा किस्सा. पावसाळा संपता संपता नत्थूनं माझं वजन एकशे बारा सांगितलं. मग पुढचे दोन महिने एकशे बारा. रोज सकाळी काट्यावर चढायचो, रोज तेच. मी चिडून खाणं आणखी कमी केलं. प्रोटीनची पावडर बंद, गोळ्या बंद. केस कंगव्यात येऊ लागले, एकदा गोदामात चक्कर येऊन पोत्यांवरच बसलो. सुनंदानं डॉक्टरांकडे चला म्हटलं की मी संक्रांतीचं नाव काढायचो. एक दिवस ती रडून म्हणाली, "पोटाचं ऑपरेशन झालं तुमचं. डोक्याचं राहून गेलं."

अशात नत्थू एका दिवसाच्या सुट्टीवर गेला आणि माझं वजन गजभिये मॅडमनी केलं. एकशे तेरा! एवढं उपाशी राहून वर एक किलो वाढलं. मी त्या दिवशी चहासुद्धा परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी नत्थू आला. मॅडमनी त्याला विचारलं. तो काटा न बघताच म्हणाला की बरोबर आहे, तुम्ही बारदाना वजा केला नसेल. बारदाना म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. ते धानातून वजा करायचंच असतं. मी विचारलं, माझा कसला बारदाना? तर म्हणे, तुमचे पॅन्ट-शर्ट. पहिल्या दिवसापासून तो रोज एक किलो कापत होता.

इथवर ठीक होतं. मग तो सहज बोलून गेला, "आन पावसाळ्यात तं ओलावा बी कापत होतो जी. तीन किलो."

ओलं धान आलं की आम्ही वजनातून ओलाव्याची कपात करतो. मी पावसात भिजत मोटारसायकलवर यायचो, म्हणून नत्थूनं माझीही केली होती, नियमानं, न चुकता. पावसाळ्यानंतर ऊन वाढत गेलं तशी त्यानं ती थोडी थोडी कमी करत दिवाळीनंतर पार बंद केली. मी ओरडलो की बंद केली तर सांगायचं नाही का! तो दुखावला. "सुकल्यावर ओलावा काऊन कापू? बेइमानी नाई का होणार?"

मॅडमनी कागदावर मांडलं. पावसाळ्यात मी खरा एकशे पंधरा होतो, आता खरा एकशे बारा. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मी घरात सगळ्यांचा जीव नको केला, त्या दोन महिन्यांत मी तीन किलो उतरलो होतो. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि सरळ घरी गेलो, सुनंदाला दाखवायला.

तिनं वाचला आणि म्हणाली, उद्या नागपूर. गेलो. डॉक्टरांनी ओलाव्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली, दुसऱ्यांदा त्यांच्या ज्युनिअरना बोलावून. मग हसू पुसून मला असं झापलं की विचारू नका. केस आणि चक्कर उपाशी राहिल्यामुळे. पावडर, गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि वजन महिन्यातून एकदा, रोज नाही.

*

तरी माझं मन भरेना. एकशे बावन्नवरून एकशे बारा, म्हणजे चाळीसच ना! मी ऑफिसात असं म्हणालो आणि गजभिये मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला घेऊन काट्यापाशी आल्या. नत्थूला म्हणाल्या, साहेबांना एक कट्टा द्या.

आमच्याकडे धानाचा कट्टा चाळीस किलोचा असतो. दोन हमालांनी तो माझ्या पाठीवर ठेवला. ऑफिसच्या पायरीपर्यंत न्यायचा, बस. पंचवीस पावलं. अकराव्या पावलाला गुडघे वाकले, चौदाव्याला मी धापा टाकत खाली बसलो. हमालांनी कट्टा उतरवून घेतला.

नत्थूनं उतरवलेल्या कट्ट्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "हा घेऊन तुमी रोज जिना चढत होते जी? जेवताना बी उतरवत नव्हते?"

त्या रात्री मला चांगली झोप लागली.

*

संक्रांत आली. मी एकशे सात. शंभर काही झाले नाहीत. डॉक्टर फोनवर खूश होते, सुनंदा खूश होती, मिलमध्ये नत्थूनं पेढे वाटले, आणि मी मात्र हरल्यासारखा बसून होतो. बोलून दाखवत नव्हतो एवढंच.

त्याच आठवड्यात मुलीच्या, पल्लवीच्या, शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. ठरलेला ऑटोवाला आलाच नाही. उशीर होत होता. मी मोटारसायकल काढली. पल्लवी तिचा ज्वालामुखी मांडीवर घेऊन मागं बसली आणि तिच्या मागं सुनंदा. निघालो. सगळ्यांना घाई, कोणाच्याच काही लक्षात आलं नाही.

चौकात पोलिसानं हात केला. गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाला, "तीन सीट जाऊन राहिले. समजत नाई का?"

मी मागं वळून बघितलं. पल्लवी दहावीला होती. ती तिसरीत असल्यापासून त्या गाडीवर माझ्या मागं कोणी बसलं नव्हतं. जागाच नव्हती. लग्नाला, दवाखान्यात, बाजारात, सगळीकडे मी पुढं गाडीवर एकटा आणि मायलेकी मागून ऑटोनं. आणि आता त्या दोघी बसल्या होत्या, माझ्या आणि पल्लवीच्या मधे ज्वालामुखी होता, आणि सुनंदाच्या मागं चार बोटं जागा शिल्लक होती.

मला हसू फुटलं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोलिसाला वाटलं मी पिऊन आलोय. त्यानं तोंडाचा वास घेतला. काही नाही. मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो की साहेब, पावती फाडा. तो वैतागून म्हणाला की शाळेत जाताय ना, एकीला उतरवा आणि निघा, सोडलं या वेळी. मी म्हटलं, पावती घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

त्यानं हताश होऊन सुनंदाकडे बघितलं. बाईमाणूस आहे, समजून घेऊन नेईल नवऱ्याला, असं त्याला वाटलं असावं.

सुनंदानं पदरानं डोळे पुसले.

"लिहून द्या ना जी साहेब," ती म्हणाली. "तिघं बसले होते असं लिवा. तिघायचेही नाव लिवा."