बुडण्यातला वाटा

१९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा नव्या सांख्यिकी कार्यालयात बदलून आलेल्यांत भोजराज रामटेके होते. कोणत्या तालुक्यात पाऊस किती पडला आणि धान किती झाले, हे आकडे शेजारी मांडून त्यांचा संबंध तपासणे हे त्यांचे काम. दोन गोष्टी बरोबरीने चढतात-उतरतात की आपापल्या चालीने चालतात, हे पाहण्याची सवय त्यांच्या नजरेत मुरली होती. निवृत्तीनंतर त्यांनी शेअर घेतले तेही याच नजरेने. कंपनीचा नफा ते नंतर पाहत. ही कंपनी आपल्याजवळच्या इतर कंपन्यांबरोबर पडते का, हे आधी पाहत. संकट टाळता येत नाही, पण ते एकाच दिवशी सगळ्या दारांनी आत येऊ नये, एवढी व्यवस्था माणसाला करता येते, असे ते मानत.

पत्नी कलाबाई २००४ मध्ये गेल्या. मुलगी रंजिता नाशिकला संसारात होती. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरात बोलणे असे उरले नाही. रोज सकाळी भोजराज स्कूटरने बाजारातल्या रिंकूसेठच्या शेअर दलालीच्या कार्यालयात जात. भाव पाहायला जातो, असे सांगत. भाव फोनवरही कळले असते. ते जात टिकाराम बिसेन यांच्यासाठी.

टिकाराम गुरुजी आमगावच्या शाळेतून निवृत्त झालेले, घरी धानाची शेती. ते गाडीने येत. भाव पाहून झाले की दोघे खालच्या टपरीच्या बाकावर बसत. चहाचे पैसे एक दिवस गुरुजींनी द्यायचे, एक दिवस भोजराजांनी. पाळी कोणाची, यावर रोज थोडे भांडण होई. भोजराजांच्या दिवसातले खरे संभाषण तेवढेच होते.

२००७ च्या उन्हाळ्यात गुरुजींनी त्यांना आपले शेअर सांगितले: सिमेंट, पोलाद, दोन बांधकाम कंपन्या, घरकर्ज देणारी एक संस्था.

"पाच ठिकाणी पैसा टाकला, साहेब. एक बुडली तर चार आहेत."

"गुरुजी, तुमच्या शेतात धानाच्या जाती किती?"

"चार."

"आणि पाणी?"

"एकाच बोडीचं."

"बोडी आटली तर?"

गुरुजींच्या लक्षात आले. गावतळे आटले की जात कोणतीही असो, धान वाळतेच. भोजराजांनी त्यांना गेल्या काही वर्षांचे महिनेवार भाव मांडून दाखवले. पाचही कंपन्या जवळजवळ एकाच महिन्यात वर गेल्या होत्या आणि एकाच महिन्यात खाली आल्या होत्या. लोक कर्ज काढून घरे बांधत होते, ही त्यांची बोडी. गुरुजींनी अर्धे शेअर विकले. काही पैसा औषधाच्या आणि साबणाच्या कंपन्यांत घातला, काही बँकेत ठेवला.

त्यानंतर बाजार चढतच गेला. पिठाची चक्की चालवणारा रामलाल आणि टपरीवरचे इतर सगळे एकाच बांधकाम कंपनीचे शेअर घेऊन बसले होते. रामलाल म्हणे, "गुरुजी, साहेबाच्या नादानं तुमी बारातीत जाऊन उपाशी राहिले!"

"माझी साबण कंपनी गोगलगायीसारखी चालून राहिली," गुरुजीही हसत. पुढे हसेनासे झाले. दिवाळीनंतर त्यांनी बँकेतली ठेवही मोडली आणि सगळा पैसा त्या बांधकाम कंपनीत घातला.

"साहेब, बरोबर तुमचंच असंल," ते भोजराजांना म्हणाले. "पण सगळे हासतात अन् मी एकटा कोपऱ्यात. असं बरोबर असून मले काय करायचं आहे?"

भोजराजांनी पुन्हा भावांचा तक्ता पुढे केला. गुरुजींनी तो पाहिला नाही.

२००८ च्या जानेवारीत घसरण सुरू झाली आणि वर्षभर थांबली नाही. भोजराजांचेही शेअर पडले. वेगळ्या चालीच्या म्हणून निवडलेल्या कंपन्या घबराटीत एकाच चालीने खाली आल्या. चांगल्या दिवसांत मोजलेला संबंध वाईट दिवसांत जसाच्या तसा टिकत नाही, हे त्यांना पाहावे लागले. तरी त्यांची ठेव जागेवर होती. नुकसान सोसण्याजोगे होते. टपरीवरच्या माणसांचे तसे नव्हते.

पण टपरी ओस पडली नाही. एकाच विहिरीत पडलेल्या माणसांना एकमेकांचा आवाज तरी ऐकू येतो. रामलालने आपल्या लंगड्या बकरीला त्या कंपनीचे नाव दिले होते. रोज कोणीतरी बकरीची तब्येत विचारी आणि बाक हसून हाले. गुरुजी त्यांच्यात बसू लागले. भोजराज आले की हसणे थांबे.

"आले कोरडे," रामलाल हळूच म्हणे.

"माझेही पडले," भोजराज एकदा म्हणाले.

"तुमचे पडले, साहेब. आमचे बुडले," गुरुजी म्हणाले. त्या दिवशी पाळी भोजराजांची होती. पैसे गुरुजींनी आधीच देऊन टाकले होते.

वर्षभर भोजराज येत राहिले आणि टोकाला उभे राहून चहा पीत राहिले. मग एका सकाळी त्यांनी रिंकूसेठला त्याच कंपनीचे पन्नास शेअर घ्यायला सांगितले.

"साहेब, आप? ये तो बकरीवाला है!"

"घ्या," भोजराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाव आणखी उतरला. ते टपरीवर गेले आणि थोड्या संकोचाने म्हणाले, "मीही घेतलेत. आपलेच."

रामलाल खळखळून हसला. "या, या! सरका गा, साहेबाले जागा द्या!"

भोजराज बाकावर बसले. वर्षभरानंतर प्रथमच बसले.

गुरुजींनी विचारले, "किती?"

"पन्नास."

आयुष्यभर गणित शिकवलेल्या त्या माणसाने हिशेब पुढे नेला. "सगळे मातीत गेले, तर तुमच्या घरात काय कमी होईल, साहेब?"

भोजराजांना खोटे बोलता येत नसे. पन्नास हा आकडा त्यांनी आदल्या संध्याकाळी ठरवला होता. गुंतवणुकीच्या एकूण मांडणीला धक्का बसणार नाही, एवढाच. दुःखात वाटा घ्यायला निघालेल्या माणसाने तो वाटाही बेताने मोजून घेतला होता, आणि हे त्यांना आता, विचारले गेल्यावर, दिसले.

"काही नाही," ते म्हणाले.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी स्वतः उठून चहाचा ग्लास आणला आणि पाहुण्याला देतात तसा दोन्ही हातांनी पुढे केला. भोजराजांनी खिशात हात घातला.

"राहू द्या, साहेब. तुमाले कायले तरास?"

त्यानंतरही भोजराजांना त्या बाकावर रोज जागा मिळत गेली. पैसे देण्याची पाळी मात्र पुन्हा कधी आली नाही.