लेडीज शोमधली चप्पल

मैत्रिणींनो, आज दुपारी टीव्हीवर जुना कौटुंबिक सिनेमा लागला होता. सासू सुनेला केस धरून फरफटवू लागली आणि मी टीव्ही बंदच केला.

नव्वदच्या आसपास धुळ्यात लेडीज शोला असा प्रसंग आला, की बायका पडद्यावर चपला फेकायच्या. इंटरव्हलला सुना त्या वेचून आणायच्या.

एके दिवशी आमच्या शेजारच्या शालूच्या सासूनेही रडत रडत चप्पल भिरकावली, "मर, सटवे!"

इंटरव्हलला शालूने ती सासूला आणून दिली आणि बाही वर केली. दंडावर उलथन्याचा ताजा चटका होता.

"आत्या, माले चटका देणारीले कोन चप्पल मारी?"

सासूने तीच चप्पल तिच्या तोंडावर हाणली. ओठ फुटला.

इंटरव्हल संपून दिवे मालवले. सासू पुन्हा पडद्यावरच्या सुनेसाठी हमसून रडू लागली.

शालू तेव्हा कुठे बघत असेल हो?