चिठ्ठी न देणारी नगरसेविका

नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या नगरपालिकेत शर्वरी मेश्राम निवडून आली, त्यात पक्षाची काडीची कृपा नव्हती. पक्षानं तिला यादीत एकोणिसावी ठेवलं होतं, म्हणजे शोभेलाच! पण इथं तळाच्या नावालाही भरपूर मतं पडली तर ते वर येतं. ती मतं आणली शैलेंद्रनं. त्याचं मिसळीचं हॉटेल. रस्सा ढवळता ढवळता पठ्ठ्यानं शेकडो फोन केले. "पाच वर्षं झाली ना इथं राहून? मग मत आहे तुला! मतदानाचं पत्र रद्दीत टाकलंस? काढ बाहेर!"

मग काय, सॉफ्टवेअरमधली नोकरी सांभाळून बाई सायकलवर भिजत सभांना जायला लागली. शाळेसमोरचा रस्ता, म्हाताऱ्यांचा बसथांबा, असलीच कामं. पण ती तिला मनापासून आवडायची.

साडेतीन वर्षं सुखात गेली. मग एक दिवस शैलेंद्र घरी आला. त्याला हॉटेलबाहेर फुटपाथवर सहा टेबलं मांडायची होती, आणि व्हीलचेअरला वाट उरत नाही म्हणून त्याचा अर्ज फेटाळला गेला होता.

"ताई, दोन ओळींची चिठ्ठी द्या. बाकी मी बघतो."

"अरे, इथं माझ्या चिठ्ठीला कोण विचारतं? आणि विचारत असते तरी दिली नसती."

झालं! गडी अर्धा चहा टाकून उठला. "गरज सरो, वैद्य मरो," म्हणाला आणि चालता झाला.

पुढची निवडणूक सहा महिन्यांवर होती. तिचा नवरा सुबोध म्हणाला, "लिहून टाक की. त्यानं फोन केले नाहीत तर घरी बसशील."

शर्वरीला ती खुर्ची हवी होती, खोटं कशाला बोला! पण तिला नागपूरचे दिवस आठवले. एका नळाच्या जोडणीसाठी तिचे बाबा नगरसेवकाच्या ओट्यावर चिठ्ठी मागत उभे राहायचे, आणि आत साहेबांचा नाश्ता काही संपायचा नाही. तो राग तिच्या पोटात अजून ताजा होता.

शनिवारी ती टेप घेऊन हॉटेलवर पोचली आणि फुटपाथ मोजला. "सहा विसर. भिंतीला लागून तीन लहान टेबलं बसतात. नवा अर्ज कर, आणि समितीपुढं तूच बोल."

"मी? माझं डच कांदा-कोथिंबिरीपुरतं!"

"मग तेवढ्यात बोल."

तीन शनिवार तिनं त्याच्याकडून भाषण घोकून घेतलं. समितीपुढं तो घामाघूम झाला, दोनदा अडला, पण बोलला. शर्वरी त्या विषयावर तोंड मिटून बसली होती. महिन्याभरात परवानगी आली. शैलेंद्रनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले, पण निवडणुकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. खुर्ची गेली, असं धरूनच शर्वरीनं प्रचार केला.

निकाल लागला. मागच्यापेक्षा पंचेचाळीस मतं जास्त! ती तडक हॉटेलवर गेली.

"तूच फोन केलेस ना?"

"केले की. आणि खरं तेच सांगितलं," शैलेंद्र म्हणाला. "म्हटलं, ही बाई निवडून आली तर तुमचं एकही काम करून देणार नाही. तुमच्या मानगुटीवर बसून तुमच्याकडूनच करून घेईल. बघा बुवा, झेपत असेल तर द्या मत!"