शेंदूर खरवडलेली तलवार

मला जुन्या हत्यारांचा नाद लागला तो नंदुरबारच्या मिरची बाजारात. जंगल खात्यात कारकून म्हणून नुकता कुठे चिकटलो होतो. एका आडत्याच्या ओट्यावर हमाल पोत्यांची तोंडं शिवत बसला होता आणि सुतळी ओवायला एका लांब लोखंडी सुळ्याने भोकं पाडत होता. जवळ जाऊन पाहिलं तर ती संगीन होती. कुण्या जुन्या पलटणीतली, बंदुकीच्या तोंडावर बसवायची, तीन कडांची. मी त्याला दोन नवेकोरे दाभण आणून दिले आणि ती मागितली. त्याने मला वेड्यात काढलं, पण दिली. त्या दिवशी मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत घरी आलो होतो.

मग हळूहळू भर पडत गेली. लोहाराच्या भात्याशेजारी पडलेली, खुरप्यासाठी मोडायला आणलेली एक तलवार. एका गढीवाल्याच्या वारसाने माळ्यावरून काढून दिलेल्या दोन. भाड्याच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, मी त्या खिळ्यांवर टांगत गेलो. पुस्तकं मिळतील तिथून आणून पात्यांचे प्रकार, मुठींचे घाट शिकलो. माझे वडील धानोऱ्याचे. चार पिढ्यांची शेती. एकदा घरी आले, भिंतीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हाई लोखंड कसाले जमा करी ऱ्हायना रे? आपला घरमा लढाई कोनी कयी?"

मला राग आला होता. आज वाटतं, आपल्या घरात लढाई कुणी केली, या त्यांच्या प्रश्नापाशी जरा थांबायला हवं होतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधी माझी फिरती सातपुड्यात लागली. तोडलेल्या सागाच्या मोजणीचं काम होतं. मोलगीच्याही पुढे, डोंगराच्या सोंडेवरच्या एका पाड्यात, आमच्या नाकेदाराने माझी राहायची सोय एका म्हाताऱ्याच्या घरी केली. नाकेदार म्हणजे जंगल खात्याचा तिथला पहारेकरी. त्याला तिथली भिलोरी बोली येत होती, मला मोडकीतोडकी. माझा हुद्दा साध्या कारकुनाचा, पण खाकी कोट आणि हातातली वही पाहून सगळे मला साहेब म्हणत. मी कुणाला दुरुस्त करत नसे.

म्हातारा उंच होता, सुकलेला, हसताना डोळे पार मिटून घेणारा. घराच्या मधल्या खांबाला लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी उभं बांधलेलं होतं. ते काय, असं मी विचारलं. त्याने हात धुतले, कपाळाला लावले आणि फडकं सोडलं. आत तलवार होती. मुठीपासून टोकापर्यंत शेंदराचा जाड थर, बोटाच्या पेराएवढा. कुठे काळपट, कुठे ताजा केशरी. मुठीवर तांब्याची तार गुंडाळलेली. घरात लग्न निघालं की नवरदेवाच्या हातात ही असायची, नवं पीक आलं की हिला पहिलं दाखवायचं, आणि दर वेळी घरातल्या कर्त्या माणसाने बोटाने शेंदूर लावायचा, असं त्याने सांगितलं. "माझ्या बापाच्या बापाचं बोट यात आहे," तो म्हणाला.

मुठीजवळ शेंदराचा एक पोपडा उडाला होता. खाली पात्यावर ठसा दिसत होता, अर्धा चंद्र आणि बाजूला काही बारीक रेघा. मी ओळखलं. सरळ, दुधारी, समुद्रापलीकडून आलेलं पातं. लोक त्याला फिरंग म्हणत. पुस्तकात वाचलेली वस्तू माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

मी ती मागितली. म्हातारा हसला. पैसे देऊ केले, तर त्याने गंमत ऐकल्यासारखी मान हलवली. "देव कुणी देतं का?" एवढंच म्हणाला आणि फडकं बांधून टाकलं.

सकाळी निघताना मी वही उघडली. हे मी ठरवून केलं होतं का? होय, पहाटेपासून मनात तेच चाललं होतं. मी नाकेदाराला म्हटलं, "याला विचार, तलवारीचा परवाना आहे का?"

नाकेदार माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं. म्हाताऱ्याला परवाना हा शब्दच कळेना. मी वहीत काहीतरी लिहायला लागलो. तसा तो घाबरला. पुढे येऊन त्याने माझ्या वहीवर हात ठेवला. "लिहू नको," म्हणाला. त्यांच्या बोलीत साहेबालाही तूच म्हणतात.

"मग सरकारजमा करावी लागेल," मी म्हणालो. "तपास होईल. मग मिळेल."

तो नियम त्या पाड्याला लागू होता की नाही, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. आणि जंगल खात्याच्या कारकुनाला हत्यार जमा करून घ्यायचा काडीचा अधिकार नव्हता, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

त्याची बायको चुलीपाशी उभी होती. म्हाताऱ्याने स्वतः तलवार सोडून माझ्या हाती दिली. "पोराचं लग्न आहे, होळीनंतर," तो म्हणाला. "तोवर मिळेल ना?"

"मिळेल," मी म्हणालो.

डोंगर उतरताना नाकेदार माझ्या पुढे चालत होता. एरवी माझं ओझं तोच उचलायचा. त्या दिवशी तलवारीला त्याने हात लावला नाही.

घरी आल्यावर मी चिंच भिजत घातली, विटकरीची भुकटी केली आणि तीन दिवस ती तलवार घासली. आधी बोथट सुरीने शेंदूर खरवडला. थरावर थर होते, केशरी, मग तपकिरी, मग जवळजवळ काळा. परसातल्या दगडावर त्याचा ढीग झाला. बायकोने विचारलं, "हाई कुठे टाकू?" मी म्हटलं, टाक कुठेही. तिने तो केळीच्या आळ्यात टाकला. खालून पातं निघालं ते पाण्यासारखं. मी ते भिंतीवर मधोमध लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, चंद्राचा ठसा समजावून सांगायचो. धुळ्याहून आलेले एक अंमलदार मुद्दाम घरी येऊन पाहून गेले. माझी छाती फुगली होती, हे लपवत नाही.

होळीच्या आधी पंधरा दिवस म्हातारा नंदुरबारला आला. तीन दिवस चालून. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली उभा होता. खांद्यावर काठी, काठीला गाठोडं. शिपायाने सांगितलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं आणि मागे सरलो. तरी बाहेर गेलो.

त्याने आधी गाठोडं सोडलं. पळसाच्या पानांत बांधलेली चारोळी होती. माझ्यासाठी आणलेली. मी ती घेतली. हातच पुढे गेला.

"तपास झाला?" त्याने विचारलं.

"कागद धुळ्याला गेलेत," मी म्हणालो. "वेळ लागेल."

"लग्न जवळ आलं."

"माझ्या हातात नाही, बाबा."

तलवार दोन गल्ल्या पलीकडे माझ्या भिंतीवर होती. उठून जाऊन आणायला वेळ लागला नसता. तेव्हा मनात काय आलं तेही सांगतो. दिली आणि त्याने हा चकचकीत लोखंडाचा तुकडा पाहिला, तर त्याला काय सांगू, हा विचार आला. आणि दुसरा विचार असा, की मधोमध जागा रिकामी दिसेल. मी आत गेलो. तो बराच वेळ झाडाखाली बसून होता. शिपायाशी काहीतरी बोलत होता. दुपारनंतर पाहिलं तर नव्हता.

पावसाळ्यानंतर नाकेदार पगाराच्या कामाने खाली आला. मी विषय काढला नव्हता, त्यानेच काढला. लग्नात नवरदेवाच्या हातात सागाची घडवलेली काठी दिली होती. पाड्यातले लोक म्हाताऱ्यावर चिडले. परक्यासमोर फडकं सोडलंस, म्हणून देव गेला, असं म्हणाले. त्याला दंड म्हणून बोकड द्यावा लागला. "आणि आखाडात तापाने गेला तो," नाकेदार म्हणाला आणि उठून निघाला. मी त्याला चहा घे म्हटलं. थांबला नाही.

त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत बसणं सोडलं. तरीही तलवार काढून नेऊन द्यायला मला आणखी वर्ष लागलं. आधी भीती वाटायची, मग लाज, आणि मग रोजची कामं होतीच. शेवटी एका माघात रजा काढली, तलवार धोतरात गुंडाळली आणि नाकेदाराला बरोबर घेऊन डोंगर चढलो.

म्हातारी अंगणात नागली पाखडत होती. तिचा मुलगा गोठ्यातून बाहेर आला. मी धोतर सोडून तलवार तिच्यापुढे ठेवली. तिने सूप खाली ठेवलं, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "ही आमची नाही."

"तुमचीच आहे," मी म्हणालो.

"आमची लाल होती."

मुलाने उचलून मुठीवरची तांब्याची तार पाहिली. बोटाने चाचपली. आईला हळूच काही म्हणाला. तिने हात पुढे केला नाही. "त्यांची बोटं कुठे आहेत यात?" तिने विचारलं. नाकेदाराने मला ते मराठीत सांगितलं.

मी त्याला म्हटलं, "यांना सांग, सरकारजमा वगैरे काही नव्हतं. मी खोटं बोललो. मला हवी होती म्हणून नेली."

"हे मी सांगणार नाही, साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी मीही उभा होतो तिथे. तुम्हीच सांगा."

मला खोट्याला त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते येत नव्हतं. मी नाकेदाराला शब्द विचारला. त्याने तो सांगितला. मी तो दोनदा उच्चारला, पहिल्यांदा चुकीचा, मग बरोबर.

मुलगा म्हणाला, "माहीत होतं."

मी त्याच्याकडे वळलो.

"बाप शहरातून आला तेव्हाच म्हणाला. शिपायाने त्याला घर दाखवलं तुझं. दारातून त्याने पाहिली. भिंतीवर होती."

"मग बोलला का नाही?"

मुलाने खांदे उडवले. "तुझी बायको ओट्यावर होती. तिने पाणी दिलं. तिच्यासमोर काय बोलायचं, म्हणाला."

म्हातारीने पुन्हा सूप घेतलं. थोड्या वेळाने तिने मुलाला सांगितलं, की तलवार आत नेऊन खांबाशी टेकवून ठेव, बांधू नकोस. नवं पीक येईल तेव्हा बडव्याला, देवाचं पाहणाऱ्या भगताला, विचारू, तो सांगेल तसं करू. मुलाने मला भाकर आणून दिली. नको म्हणायचं धाडस झालं नाही. एकेक घास पाण्याबरोबर उतरवला.

बडव्याने पुढे काय सांगितलं, मला कळलं नाही. माझी बदली झाली आणि नाकेदाराला विचारायचा धीर कधी झाला नाही. भिंतीवरची बाकीची हत्यारं मी ज्यांची त्यांना परत करत फिरलो. काहींनी घेतली, काहींना ती नकोच होती. एक-दोन घरांत माणसंच उरली नव्हती.

डोंगरावरून नंदुरबारला घरी आलो त्या संध्याकाळी मी बायकोला विचारलं, दोन वर्षांपूर्वी होळीच्या सुमारास एखादा म्हातारा दारात आला होता का.

ती भाकरी थापत होती. तिने आठवून पाहिलं.

"उना व्हता ना एक डोकरा," ती म्हणाली. "दारमा उभा राहीसन भीतकडे दखे. माले वाटनं, तहान लागनी व्हई. पानी दिधं. पिधं, लोटा घासीसन परत दिधा, नि गया."

"काही बोलला?"

"नही. मन्हाकडे दखीसन हासना." तिने तव्यावरची भाकर उलटली. "कसाले? कोन व्हता तो?"

मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. चुलीवरची भाकर करपली. त्या दिवशी आम्ही दोघं जेवलो नाही.