शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या भाऊजींचा उजवा पाय त्यांच्या ताब्यात नाही. ते हे कबूल करणार नाहीत, पण मी त्यांची मेहुणी, मला सांगायला कसली भीती? एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. भाऊजी मात्र शिकणारा गडबडण्याच्या आधीच तो दाबत. आता बसमध्ये बसले, टीव्हीवर कुणी गाडी जोरात नेली, इतकंच काय, ताई गरम कढई घेऊन लगबगीनं टेबलाकडे आली, तरी तो पाय फरशी दाबतो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वीस वर्षांपूर्वी तिनं नवऱ्याकडेच गाडी शिकायला घेतली होती. बाराव्या दिवशी मोठ्या चौकात ती दार उघडून उतरली आणि चालत घरी आली. "मी ब्रेक दाबायला जाते तोवर ह्यांनी दाबलेला असतो. मग मी कशाला हवी गाडीत?" त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नाही.

गेल्या वर्षी भाऊजींच्या एका डोळ्याची नजर गेली आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. भाऊजी रोज सकाळी उभी गाडी मात्र पुसत राहिले. ते बघवेना. शेवटी ताई म्हणाली, "मी शिकते. सहा महिन्यांत परवाना मिळाला तर ठीक, नाहीतर गाडी विकून टाकू. पण शिकताना तुम्ही गाडीत बसायचं नाही." तिनं भाऊजींच्याच एका जुन्या विद्यार्थिनीकडे नाव घातलं. भाऊजींचा चेहरा एवढासा झाला.

माझी लेक नोकरीसाठी बाहेर गेली होती आणि तिच्या कॉम्प्युटरवरच्या रेसिंगच्या खेळाचं स्टिअरिंग आणि पेडलं माझ्याकडे धूळ खात पडली होती. ती मी ताईकडे नेऊन दिली. ताईला सराव होईल, भाऊजींचा जीव रमेल, एका दगडात दोन पक्षी. भाऊजींनी ब्रेक एकदाच दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"हा ब्रेक आहे की कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायचं पायडल?"

खाली नुसती स्प्रिंग होती. पेडल किती खाली गेलं एवढंच कॉम्प्युटरला कळत होतं. "खऱ्या गाडीत पेडल जरासं जातं आणि अडतं. पुढचा सगळा खेळ दाबाचा. पायाला दाब लक्षात राहतो गं, अंतर नाही." असं म्हणून त्यांनी स्क्रू काढायला घेतले. दाब कॉम्प्युटरला सांगायचा कसा, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. लेकीला फोनवर त्यांनी इतकं पिडलं की ती मला म्हणाली, "आई, काका परीक्षेला बसलेत का?"

गॅरेजमधून जुन्या मोटरसायकलचा ब्रेक सिलिंडर आला. पेडल दाबलं की तो पाइपात तेल ढकलणार, पाइपाच्या टोकाचा दुसरा सिलिंडर कडक रबरावर रेटणार, आणि मधे बसवलेला अंगठ्याएवढा सेन्सर तेलाचा दाब मोजून कॉम्प्युटरला कळवणार. रबर म्हणून आधी चपलेची टाच कापून झाली, मग वॉशिंग मशिनचा पाय. पहिल्यांदा जोर लावून दाबलं तेव्हा ब्रेक उत्तम लागला. खुर्ची तेवढी मागे सुटली आणि भाऊजी कपाटावर आदळले. मग खुर्ची आणि पेडल एकाच फळीवर बोल्टनं जखडली.

राहिली पाइपातली हवा. तेलात एक बुडबुडा राहिला तरी पेडल भुसभुशीत लागतं. हवा काढायचं काम दोघांचं. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली पडून पान्यानं बारीक तोटी उघडायची, हवा निघाली की बंद करायची, आणि मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत. ताई खुर्चीत बसली, भाऊजी टेबलाखाली शिरले.

"दाब. धर. सोडू नकोस हं... आता सोड. काय लागतंय पायाला?"

"उशी."

पुन्हा दाब, पुन्हा धर. "आता?"

"मळलेलं पीठ."

तासाभरानं ताई म्हणाली, "आता दगड लागला."

"नक्की?"

"पाय माझा आहे ना?"

भाऊजी टेबलाखालून बाहेर आले. दुसऱ्याच्या पायाला त्यांनी काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला फार बरं वाटलं. पण माझं बरं वाटणं नेहमीच घाईचं असतं.

दुसऱ्या दिवशी ताई खेळात गाडी चालवत होती, भाऊजी शेजारी स्टुलावर. तिसऱ्या वळणावर तिच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं. ताई वाकली. भाऊजींच्या पायाशी पायपुसणं होतं, त्याच्याखाली दुसरं पेडल, आणि तिथून ताईच्या पेडलापर्यंत एक सळई. थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीसारखी.

"सवय गं," भाऊजी पुटपुटले. "हात आपोआप करत गेले."

"आणि पायपुसणं? तेही आपोआप?"

ताईनं चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. दोन दिवस त्या खोलीत कुणी गेलं नाही. मला वाटलं, गेली गाडी. भाऊजींचा असा राग आला होता की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या चहाच्या कपाशेजारी ती सळई होती. करवतीनं कापून दोन तुकडे केलेली, पुन्हा जोडता येऊ नये म्हणून. ताईनं एक तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीला अडसर म्हणून लावला आणि जाऊन खुर्चीत बसली. त्या दिवशी तिनं अकरा वेळा गाडी भिंतीवर घातली. भाऊजी मागे उभे होते, तोंडात टॉवेल धरून. बाराव्या वेळी गाडी भिंतीच्या अलीकडे थांबली.

पाचव्या महिन्यात परवाना आला. पहिल्या दिवशी ताई स्टिअरिंगवर, भाऊजी शेजारी, मी मागे. मोठ्या चौकात, अगदी त्याच चौकात, बाजूच्या गल्लीतून एक टेम्पो न बघता आडवा आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि माझ्या मांडीवरची पर्ससुद्धा हलली नव्हती.

भाऊजींचा पाय काय करतोय ते बघायला मी पुढे वाकले. खाली पायच नव्हते. नुसते बूट होते. भाऊजी सीटवर मांडी घालून बसले होते, दोन्ही पायांचे अंगठे हातात गच्च धरून. निघाल्यापासून तसेच असावेत.

ताईनंही पाहिलं. "पाय खाली घ्या," ती म्हणाली, "मुंग्या येतील."

"येऊ देत," भाऊजी म्हणाले. "तू चालव."