मी मारलेली नायिका

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्हाला नवीन पनवेलला राहायला येऊन तीन वर्षं झाली होती. माझी नोकरी जुन्या पनवेलच्या एका सरकारी कचेरीत, चारच्या सुमाराला काम संपायचं आणि पुढे करण्यासारखं काही नसायचं. त्यामुळे मी मिळेल ते वाचायची, दिसेल ते बघायची आणि मग त्याला नावं ठेवायची. नावं ठेवण्यात मला जेवढा आनंद व्हायचा तेवढा बघण्यात कधी झाला नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे व्हिडिओवर सिनेमा असे. कॅसेट निवडायचा मान शेजारच्या काकूंचा. काकूंना रडवणारा सिनेमा लागे. एकात सासू सुनेला तीन तास छळते आणि शेवटी देवघरातून प्रकाश येऊन तीच सासू सुनेच्या पाया पडते. सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. मी म्हणाले, "हिने पहिल्या दहा मिनिटांत माहेरची एसटी पकडली असती, तर आपले कुकर वेळेवर लागले असते." काकू त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

रविवारच्या पौराणिक मालिकेत एका रविवारी सुटलेला बाण पुढच्या रविवारी लागायचा. वाचनालयातल्या जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्यांत राजा घोड्यावर मांड टाकायला नऊ पानं घ्यायचा आणि तेवढ्या वेळात शत्रू मुकाट उभा असायचा. हे सगळं मी जिन्यात, पाण्याच्या टाकीजवळ, भाजीवालीपाशी, जो भेटेल त्याला ऐकवत असे.

म्हणूनच गणपतीत सोसायटीचा सायक्लोस्टाईल अंक काढायचं ठरलं तेव्हा सेक्रेटरी माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्ही एवढं बोलता, ते लिहूनच द्या की." मी एका बैठकीत चार पानं लिहिली. मथळा दिला, 'पाहिलं, वाचलं, वैतागले'. सासूचा सिनेमा झाला, बाण झाला, राजा झाला, तरी अर्धं पान उरलं. तेवढ्यात टेबलावरची गुरुजींची कादंबरी दिसली.

गुरुजी आमच्या समोरच्या इमारतीत राहायचे. उरणकडच्या एका गावातले, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेले. विधुर होते, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचे. त्यांनी पदरचे पैसे घालून कादंबरी छापली होती आणि घरोघरी स्वतः नेऊन दिली होती, आत 'सस्नेह भेट' आणि खाली वळणदार सही. मी चाळीस पानं वाचली होती. नायक मुंबईतल्या बंगल्यात राहतो आणि प्रेमात पडला की पियानो वाजवतो. उजव्या हाताने वाजवतो आणि डाव्या हाताने भाता मारतो. इथे मी हसून हसून पुस्तक मिटलं होतं. नायिका गरीब, देखणी आणि पस्तिसाव्या पानावर दोनदा खोकते. मराठी कादंबरीत दोनदा खोकलेली बाई पुढे जगत नाही. म्हणून मी लिहून टाकलं, 'शेवटी नायिका अपेक्षेप्रमाणे खोकून खोकून मरते आणि नायक पियानोचा भाता फाटेपर्यंत रडतो.'

अंक वाटला गेला त्याच संध्याकाळी काकू तरातरा आल्या. मागे आणखी दोघी.

"म्हाताऱ्या माणसाची अशी टर उडवतात का गं? किती जीव ओतून लिहिलंय त्यांनी!"

"तुम्ही वाचलीत?" मी विचारलं.

"न वाचायला काय झालं? ती पोरगी मरते ना शेवटी, तेव्हा मला तर बाई हुंदका आवरेना."

मागच्या दोघींनी माना डोलावल्या. एक म्हणाली, "तो तिच्या उशाशी बसतो ते तर फारच." मला मनातून बरं वाटलं. म्हणजे माझा अंदाज अचूक होता. वाचनाची चव नसलेल्या बायकांना चव नसलेली पुस्तकं आवडणारच, असं म्हणून मी दार लावलं.

दोन दिवसांनी गुरुजी स्वतः आले. पांढरा लेंगा, सदरा, हातात कादंबरी आणि अंक. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाले, "चहा नको ताई. एक शंका हाय, तेवढी विचारतो नि जातो."

"विचारा ना."

"तुमी लिवलंय नायिका मरते. कोणत्या पानावर?"

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. पण वर्गात पोराला गणित कुठे चुकलं ते विचारावं, तसं ते विचारत होते.

"ती खोकते ना," मी म्हणाले.

"खोकते. मिरचीच्या फोडणीचा ठसका लागलाय तिला. पुढच्याच ओळीत लिवलंय." त्यांनी पान काढून माझ्यासमोर धरलं. होतं खरं. "नंतर ती नायच खोकत. मरत पण नाय."

"मग काय होतं तिचं?"

गुरुजींनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. "ते मी कसं सांगू? लिवलंय तर आतमदी."

ते गेले. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला, म्हणाला, "जगातल्या सगळ्या लेखकांच्या वतीने सूड घेतला बघ गुरुजींनी." मी रात्रीचं जेवण उरकून पुस्तक उघडलं, ते दुसऱ्या दिवशी कचेरीतही नेलं.

पहिली दीडशे पानं वाईटच होती. पियानो नऊ वेळा वाजला, प्रत्येक वेळी भात्यासकट. नायक बोलायचा ते भाषण वाटायचं आणि नायिका उत्तर द्यायची ते पाठ केलेलं. पण दीडशेनंतर ती नवऱ्याचा बंगला सोडून बापाच्या मिठागरावर परत येते, आणि तिथून पुढे लिहिणारा माणूसच बदलल्यासारखा झाला होता. हंगामाआधी बायका रांगेने मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट करतात, मिठात चिखल येऊ नये म्हणून. डोक्यावरच्या टोपलीतून खारं पाणी मानेवर ठिबकत राहतं आणि तिथली कातडी फुटते. बाप मीठ जिभेवर ठेवून सांगतो, कालचं की परवाचं. एकही विशेषण नाही, कोणी रडत नाही. त्या तीस पानांत मला नाव ठेवायला काही सापडलं नाही, आणि मी शोधलं नव्हतं असं नाही.

वाचून संपलं त्या संध्याकाळी मी गुरुजींकडे गेले. ते गॅलरीत बसले होते.

"गुरुजी, मी न वाचता लिहिलं. माझं चुकलं."

"आता वाचलंत?"

"वाचलं. खरं सांगू? पहिली दीडशे पानं भिकार आहेत."

त्यांचा चेहरा पडेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "हायेतच. पियानो मी कुठं पाहिलाय? शाळेत पेटी होती, तीच डोळ्यांपुढं घेतली."

"मग लिहिलंत कशाला? ते मिठागर एवढं चांगलं आहे, तेवढंच लिहायचं होतं."

"छापणारा बोलला, मिठाचं कोण वाचणार गुरुजी? बंगला पायजे, प्रेम पायजे. मी घातला बंगला." आणि हळूच म्हणाले, "माझी आई होती ती. टोपलीवाली."

मग त्यांनीच चहा केला, फार गोड.

मी सेक्रेटरींना दुरुस्तीची चिठ्ठी दिली आणि जिन्यातल्या फळ्यावर लावायला सांगितली. 'कादंबरीची नायिका मरत नाही. मी पुस्तक पुरतं न वाचता लिहिलं. पहिली दीडशे पानं सोडून पुढची तीस वाचावीत.' काकू फळ्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मी खाली उतरत होते. मला म्हणाल्या, "म्हणजे मरत नाही होय? मग मला दिलेल्या पुस्तकात वेगळं छापलं असेल."

तेवढ्यावरही मी गप्प बसू शकले, ही माझी त्या वर्षातली एकमेव कमाई. अंकातल्या माझ्या चुकीबद्दल मला सगळ्यांनी बोल लावले होते. पण चूक आहे हे चोवीस घरांत एकालाही कळलं नव्हतं, कारण पुस्तक कोणी उघडलंच नव्हतं. नवऱ्याने रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात तीन प्रती पाहिल्या, एकीची तर जोडलेली पानंही कापलेली नव्हती.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मंडपात मी गुरुजींना मिठागराची पानं वाचायला लावली. सेक्रेटरींकडे त्याच वेळी व्हिडिओ होता, त्यामुळे सहाजण आले, त्यात एक झोपले. गुरुजी वाईट वाचत होते, भराभर, खाली मान घालून, वर्गाची घंटा व्हायला आली असावी तसे. टोपलीचं पान आलं तेव्हा मात्र ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि तो परिच्छेद न वाचता पुढे गेले. मंडपात कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला कळलं, कारण तेवढं एक पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं होतं.